अंबादासचं जवाबी कार्ड

अंबादास कोष्टीच्या पत्राला उत्तर न दिल्याला अकरा वर्षं पूर्ण झाली, आणि त्याच आठवड्यात मल्लिनाथ शेट्यांच्या जिन्याची सहावी पायरी नाहीशी झाली.

ती फार वेळ नाहीशी नव्हती. मल्लिनाथ भाजीची पिशवी घेऊन वर येत होते. पाचव्या पायरीवर असताना त्यांच्या छातीत एक ठोका चुकला आणि सहावी पायरी निघून गेली. तिच्या जागी जिन्याखाली ठेवलेली सायकल दिसली. पुढचा ठोका पडला तशी पायरी परत आली, पण तोवर त्यांनी पाऊल टाकलं होतं. नडगी सोलवटली. पिशवीतले दोडके गडगडत खाली उस्मानभाई शिंप्यांच्या दुकानाच्या दारात गेले.

उस्मानभाई गळ्यात टेप घालून बाहेर आले. "काय ओ सर, दोडक्यांची मापं घ्यायची होती का?"

"पाय घसरला."

"जन्म वाचनालयात गेला तुमचा. तिथं नाही घसरला तो आता कुठं घसरणार?"

मल्लिनाथ हसले. असं वेळेवर हसून विषय संपवणं त्यांना चांगलं जमत असे. वर जाऊन त्यांनी नडगीला हळद लावली, धोतर खाली ओढलं आणि वर्तमानपत्र उघडून त्याच्या आड स्वतःची नाडी धरून बसले. नाडी तीनदा चालली, थांबली, मग दोन ठोके एकदम पडले. तेरा वर्षं ती अशीच चालत होती. पण आजवर तिनं घरातल्या वस्तूंना हात लावला नव्हता.

आठ दिवसांत त्यांना नियम कळला. ठोका चुकताना नजर ज्या वस्तूवर असेल, ती वस्तू जाई. खाडा छोटा असेल तर पुढच्या ठोक्याला ती परत येई. मोठा असेल तर येत नसे. तुपाची वाटी गेली ती गेलीच. समोरच्या घराची एक खिडकी गेली. तिथं आता सरळ भिंत होती आणि आतल्या म्हातारीला दुपारीसुद्धा दिवा लावावा लागे. उस्मानभाईंची मोठी कात्री गेली. उस्मानभाईंनी मेव्हण्यावर आळ घेतला. दोघांचं बोलणं बंद झालं. मल्लिनाथ वरून सगळं ऐकत होते. खाली जाऊन एक वाक्य बोलायला हवं होतं. त्यांनी ते मनात चार प्रकारे जुळवून पाहिलं आणि चारही प्रकार त्यांना हास्यास्पद वाटले.

शेवटी सहावी पायरीही कायमची गेली. गिरिजाबाई, त्यांची बायको, पाचवीवरून सातवीवर जायला शिकल्या.

"ह्या घराला झालंय तरी काय?" त्या म्हणाल्या. "वाटी नाही, पायरी नाही. उद्या मी नसेन."

"असं बोलू नये," मल्लिनाथ भिंतीकडे बघत म्हणाले.

ते आता सदैव भिंतीकडे बघूनच बसत. कारण भीतीनं ठोका चुके, आणि ठोका चुकला की भीती वाढे, आणि गेले वीस दिवस त्यांनी बायकोकडे नजर वर करून पाहिलं नव्हतं. जेवताना ते ताटाच्या कडेला बघत. ताटं स्वस्त असतात.

ते एकटेच डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी छातीला, मनगटांना, घोट्यांना तारा लावल्या. यंत्रातून कागदाची पट्टी निघाली. पट्टीवरची रेघ नेटकी होती, शाळेतल्या कित्त्यासारखी.

"उत्तम आहे," डॉक्टर म्हणाले. "आणखी काही तक्रार?"

तक्रार आहे म्हणावं असं मल्लिनाथना वाटलं. त्यांनी पट्टीकडे पाहिलं. त्या क्षणी ठोका चुकला आणि पट्टीचा मधला वीतभर तुकडा गेला. दोन टोकं डॉक्टरांच्या दोन हातांत राहिली.

"कागद हलका आलाय हल्ली," डॉक्टर म्हणाले. "काका, ह्या वयात माणूस स्वतःच्या छातीकडे फार लक्ष देतो. मन रमवा. वाचनाची आवड आहे का?"

"आहे थोडी," मल्लिनाथ म्हणाले. आपण डॉक्टरांचा वेळ आणि कागद दोन्ही वाया घालवल्याची लाज घेऊन ते घरी आले.

घरी गिरिजाबाई चहाचा कप घेऊन त्यांच्या आणि भिंतीच्या मध्ये येऊन उभ्या राहिल्या.

"इकडे बघा."

"ठेव तिथं."

"चहाकडे नाही, माझ्याकडे बघा. वीस दिवस झाले. मी काय केलंय ते तरी सां—"

त्यांनी पाहिलं. कपाळावरचं कुंकू नेहमीप्रमाणे किंचित डावीकडे होतं. ठोका चुकला.

गिरिजाबाई जिथं होत्या तिथं भिंत होती. मल्लिनाथ खुर्चीत बसून राहिले. छातीत काहीच हालचाल नव्हती. त्यांनी छातीवर मूठ मारली. रिकाम्या पिंपावर मारल्यासारखा आवाज आला. मग आत काहीतरी उलटंपालटं झालं आणि ठोका पडला.

"—गा," गिरिजाबाई म्हणाल्या. मग कपाकडे बघून त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "हा गार कसा झाला? साय धरली की वर."

मल्लिनाथ उठले आणि पुस्तकांच्या कपाटाकडे गेले.

शब्दकोशाच्या दुसऱ्या खंडात अंबादासचं कार्ड होतं. जवाबी कार्ड म्हणजे एकमेकांना जोडलेली दोन कार्डं. एकावर आपण लिहायचं, दुसऱ्यावर आपलाच पत्ता घालून ते उत्तरासाठी कोरं सोडायचं. अंबादास वाचनालयाची पुस्तकं बांधायचा. मल्लिनाथना तो पुरता ओळखून होता. म्हणून उत्तराच्या कार्डावर त्यानं पत्त्याशिवाय आणखी दोन ओळी स्वतःच लिहून पाठवल्या होत्या. वर: प्रिय अंबादास. खाली: तुझा, मल्लिनाथ. मधल्या जागेत फक्त एक शब्द भरायचा होता.

मल्लिनाथनी खंड ओढला. तो जड लागला. कार्ड पानांतून बाहेर आलं आणि येतच राहिलं. 'प्रिय अंबादास' कपाटाशी होतं. त्याच्यापुढे कोरी जागा निघाली, खुर्चीच्या पायांतून गेली, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरून वळली, पुन्हा बाहेर आली. जे जे गेलं होतं तेवढी ती वाढली होती. 'तुझा, मल्लिनाथ' जिन्याच्या तोंडाशी जाऊन थांबलं.

गिरिजाबाईंनी पदर खोचला. कार्डावर पाय पडू नये म्हणून त्या भिंतीकडेनं चालत आल्या आणि अंबादासनं लिहिलेलं पहिलं कार्ड उचलून मोठ्यानं वाचू लागल्या.

"'मल्लिनाथ, मुलगा म्हणतो, तू त्याला नाही म्हणालास. लोकांसमोर म्हणाला असशील. ते असू दे. त्या दिवशी बांधणीच्या खोलीत मी तुझं मनगट धरलं होतं आणि तू माझं. दोन्ही नाड्या सारख्याच चुकत होत्या, हे मी नीट मोजलं ना? घरात सगळे ढोंग म्हणतात. आता मलाही तसं वाटायला लागलंय. दिवसा भिंतीकडे बघत बसतो. तुलाही होतं एवढं लिही. मग मी निजेन. होय किंवा नाही, एकच शब्द लिही.'"

त्यांनी कार्ड उलटून पाहिलं. पुन्हा सुलटं केलं.

"मुलाला काय म्हणालात तुम्ही?"

"तो वाचनालयात आला होता. वर्तमानपत्राच्या टेबलाशी पाच-सहा माणसं बसली होती. त्यानं विचारलं, काका, तुम्हालाही असं होतं का? बाबांना सोलापूरला तपासायला न्यावं की नुसतं मनाचंच आहे?"

"मग?"

"मी म्हणालो, मला असलं काही नाही बुवा."

"आणि?"

"तो हसला. म्हणाला, बघा, मी म्हणतच होतो. टेबलावरचे पण हसले." मल्लिनाथ थांबले. "मी पण हसलो."

गिरिजाबाईंनी ते कार्ड जपून कपाटावर ठेवलं.

"आपल्या घरी जेवून गेलाय तो माणूस," त्या म्हणाल्या. "माझ्या शेंगापोळीला नावं ठेवून चार खाऊन गेला. आणि अकरा वर्षं तुम्ही त्याला एक शब्द दिला नाहीत?"

"उघडं कार्ड होतं. पोस्टमननं वाचलं असतं. त्याच्या सुनेनं वाचलं असतं."

"तेवढ्याचसाठी?"

"हो," मल्लिनाथ म्हणाले. "तेवढ्याचसाठी."

त्यांना वाटलं होतं, हे बोलल्यावर काहीतरी कोसळेल. काही कोसळलं नाही. गिरिजाबाईंनी कपाटावरचं पेन आणून दिलं आणि टोपण स्वतः काढलं.

"माझी वाटी पण ह्या कोऱ्या जागेतच गेली ना?"

"हो."

"माहेरची होती. लिहा आता."

ते गुडघ्यांवर बसले. कोऱ्या जागेचा मध्य कुठं येतो ते शोधायला वेळ लागला. तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर आला. आयुष्यभर त्यांनी प्रत्येक वाक्य आधी पेन्सिलीनं लिहून, खोडून, मग शाईनं लिहिलं होतं. आज त्यांनी थेट लिहिलं: होय. एवढ्या मोठ्या जागेत तो शब्द मुंगीएवढा दिसत होता. त्यांनी पुढे लिहिलं: तेव्हाही होतं. मी खोटं बोललो.

कार्ड लहान झालं नाही. वाटी आली नाही. नुसतं लिहून भागणार नव्हतं, हे दोघांनाही कळलं.

त्यांनी कार्डाची सतरंजीसारखी गुंडाळी केली. एक टोक मल्लिनाथनी धरलं, एक गिरिजाबाईंनी, आणि सातवीवरून पाचवीवर पाय टाकत ते जिना उतरले. खाली उस्मानभाई एका छोट्या कात्रीनं कापडाशी झटापट करत होते.

"सर, गालिचा विकायला काढलात?"

"पत्र आहे."

उस्मानभाईंनी गुंडाळीचा एक पदर सोडला, सवयीनं त्याला टेप लावली, मोजत मोजत ते मधल्या शब्दापर्यंत गेले आणि तिथं थांबले. "'होय. तेव्हाही होतं. मी खोटं बोललो.' काय होतं, सर?"

रस्त्यावरून माणसं जात होती. दोघं थांबलीसुद्धा.

"छातीत," मल्लिनाथ म्हणाले. त्यांचा आवाज त्यांना परका वाटला. "ठोके चुकतात. भीती वाटते फार. ठोका चुकला की मी जिकडे बघत असेन ते जातं."

उस्मानभाईंनी जिन्याकडे पाहिलं. समोरच्या बिनखिडकीच्या भिंतीकडे पाहिलं. मग स्वतःच्या हातातल्या कात्रीकडे.

"म्हणजे माझी मोठी कात्री..."

"मी बघत होतो तिच्याकडे."

"अहो, मी मेव्हण्याला दुकानात पाय ठेवू नको म्हणालो की!"

"ऐकलं मी. वर होतो."

उस्मानभाई काहीतरी कडक बोलणार होते. त्यांचं तोंड उघडलंही. पण मल्लिनाथ मान खाली घालून जमिनीकडे बघत होते, उस्मानभाईंकडे अजिबात बघत नव्हते, आणि ते तसे का उभे आहेत हे उस्मानभाईंच्या हळूहळू लक्षात आलं. त्यांनी तोंड मिटलं. दुकानाला कडी लावली आणि गुंडाळीचा मधला भाग खांद्यावर घेतला.

टपालपेटी जुन्या वाचनालयासमोर लिंबाच्या झाडाखाली होती. चार वाजता टपाल निघे. चाराला दहा मिनिटं होती. मल्लिनाथनी 'प्रिय अंबादास'चं टोक फटीत सरकवलं. ते आत गेलं. मागोमाग कोरी जागा जाऊ लागली, हातभर, मग आणखी हातभर. उस्मानभाई मागून सोडत होते, गिरिजाबाई शेवटचं टोक धरून रस्त्याच्या पलीकडे उभ्या होत्या. वाचनालयातली वर्तमानपत्रं वाचणारी माणसं दारात आली. मधला शब्द त्यांच्यासमोरून सावकाश गेला. सगळ्यांनी तो वाचला. कुणी हसलं नाही. एक जण म्हणाला, "आम्हाला काही बोलला नाहीत कधी."

लाज कानांपर्यंत चढली होती. मल्लिनाथ सरकवत राहिले.

शब्द फटीतून आत गेल्यावर कार्ड आपोआप जाऊ लागलं. आतून कुणीतरी ते ओढत होतं. पुस्तक शिवताना अंबादास दोरा ओढायचा तसं, न हिसकता. मल्लिनाथनी बोटं कार्डावर नुसती ठेवली. एक ओढ. दुसरी ओढ. तिसरी. मग काहीच नाही. मग दोन ओढी एकदम.

ही चाल त्यांच्या ओळखीची होती. बांधणीच्या खोलीत, खळीच्या वासात, त्यांनी ती स्वतःच्या बोटांखाली मोजली होती.

"गिरिजा," ते म्हणाले, "तो घेतोय."

गिरिजाबाई टोक धरून रस्ता ओलांडून आल्या. आता फटीबाहेर फक्त 'तुझा, मल्लिनाथ' राहिलं होतं. त्यांनी ते टोक नवऱ्याच्या चिमटीत दिलं आणि समोर उभ्या राहिल्या. मल्लिनाथनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं, मग उस्मानभाईंकडे, मग दारातल्या माणसांकडे. बऱ्याच दिवसांनी त्यांनी एवढं सगळं एकदम पाहिलं.

आतली ओढ थांबली. त्याच वेळी छातीतलाही ठोका थांबला.

लिंबाचं झाड गेलं. वाचनालय गेलं, दारातली माणसं गेली. उस्मानभाई गेले, गळ्यातल्या टेपसकट. किंचित डावीकडे लागलेलं कुंकू सर्वांत शेवटी गेलं. लाल पेटी त्याआधीच गेली होती. मल्लिनाथ हात पुढे करून उभे होते, आणि त्यांच्या चिमटीत कार्डाचं पांढरं टोक होतं.

त्यांनी चिमूट सोडली.

कार्ड खाली पडलं नाही; पलीकडून कुणीतरी ते धरून होतं.