खोगिरावरचं इंग्रजी

शहादेवला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण इंग्रजी येत होतं. हसू नका, खरंच येत होतं. मोमिनाबादच्या छावणीत त्यानं अकरा वर्षं मोतद्दार म्हणून घोड्यांची निगा राखली होती. तिथला गोरा सार्जंट तेल दिलेलं खोगीर दोन्ही हातांनी वाकवून बघायचा. सहज वाकलं की म्हणायचा, 'फ्लेक्झिबल'. हाताला मऊ लागलं की 'सपल'. दाबावं तसं दबलं की 'प्लायेबल'. आणि एखादं घोडं नव्या पागेत पहिल्याच दिवशी निमूट चंदी खायला लागलं, की त्याच्या मानेवर थाप मारून म्हणायचा, 'अडॅप्टेबल'. पुढं छावणी मोडली, सार्जंट गेला, शहादेव गावी येऊन शेतीला लागला. शब्द तेवढे त्याच्यासंगं आले.

गावात शिकलेला म्हणजे बिभीषण. सरकारी मदरशात शिकलेला, उर्दू फाडफाड बोलायचा. परळीला रेल्वे न्यायची म्हणून मोजणी निघाली आणि विलायतेहून आलेल्या नव्या साहेबाला दुभाषा पाहिजे, अशी खबर आली. ह्या पठ्ठ्याला इंग्रजीची अक्षरं तेवढी ठाऊक, बोलायच्या नावानं शंख. तो सरळ शहादेवच्या गोठ्यात येऊन बसला.

"तात्या, मला बोलायला शिकवा. जलमभर इसरणार न्हाई."

शहादेव भाबडा गडी. सबंध उन्हाळा त्यानं जुना लगाम बिभीषणाच्या हातात देऊन घोकंपट्टी करून घेतली. वाकव, काय म्हणशील? पिळ, काय म्हणशील? येस सर, नो सर, हे, ते, सगळं सगळं शिकवलं. बायको भामाबाई कुरकुरायची, "फुकट कावून शिकवताय? त्यो काय आपल्या नात्याचा हाय?"

"अगं, गावचा माणूस साहेबाच्या कानाशी असला म्हंजी बरं असतंय," शहादेव म्हणायचा.

बिभीषणाला नोकरी लागली. लोक त्याला मुन्शी म्हणायला लागले. आणि महिन्याभरात मोजणीचे लाल झेंडे शहादेवच्या रानात शिरले ते थेट त्याच्या विहिरीच्या रोखानं. ती विहीर नवरा-बायकोनं चार उन्हाळे काळा पाषाण फोडून खणली होती. तिच्यावरच त्यांची ज्वारी, त्यांच्या शेळ्या, त्यांचं सगळं. विहीर गेली तर गाव सोडायचीच पाळी होती.

बिभीषण स्वतःहून आला. "तात्या, घोर करू नका. साहेबाला सांगतो, लाइन फ्लेक्झिबल हाय, वढ्याच्या अंगानं वाकवा. वैजनाथाची आन." भामाबाईनं त्याला ताकाचा तांब्या दिला. त्यानं तो उभ्याउभ्या रिकामा केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब विहिरीवर आला. रयतेनं साहेबाशी थेट बोलायचं नाही, जे काय ते दुभाष्याच्या तोंडून, अशी रीत होती. शहादेव पायताण काढून बाजूला उभा राहिला. साहेबानं विहिरीकडं बोट करून काहीतरी विचारलं. शहादेव कान टवकारून 'फ्लेक्झिबल'ची वाट बघत होता.

बिभीषण म्हणाला, "दिस मॅन व्हेरी अडॅप्टेबल, सर. व्हेरी प्लायेबल. ही गो. नो ट्रबल."

शहादेवच्या अंगाची लाही झाली. पागेतल्या घोड्याला लावायचा शब्द ह्यानं मला लावला! त्याची नजर ओढ्याकडं गेली. ओढ्यापलीकडं बिभीषणाच्या सासऱ्याची आमराई होती. लाइन वाकली असती तर ती आमराईतूनच गेली असती. हे आपल्या ध्यानातच कसं आलं नाही, म्हणून त्याला स्वतःचीच चीड आली. घरचं ताक पाजून माणूस पोसला, आणि त्यानंच गळा कापला.

मग त्यानं रीत मोडली. पुढं होऊन म्हणाला, "नो साहेब. मी नो अडॅप्टेबल. लाइन अडॅप्टेबल. लाइन फ्लेक्झिबल." आणि ओढ्याकडं हात केला.

बिभीषणाचा चेहरा उतरला. साहेब खो खो हसला. खेडवळाच्या तोंडून इंग्रजी ऐकून त्याला मोठी गंमत वाटली. हात कुठं केलाय, ते त्यानं पाहिलंही नाही. बिभीषणाच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "मुन्शी, यू टॉट हिम? वेल डन!"

बिभीषणानं शहादेवकडं न बघता सांगितलं, "येस सर. आय टीच."

साहेब छत्री उघडून पुढं गेला. गड्यांनी विहिरीच्या काठावर खुंटी ठोकली. शहादेव तिथंच मटकन बसला.

बिभीषण मागं रेंगाळला. जवळ येऊन हळूच म्हणाला, "तात्या, राग धरू नका. सासऱ्यापुढं माझं काय चालतंय? बरं, एक सांगा. म्होरल्या गावात कुणी आसाराम रानासाठी अडून बसलाय, हटंनाच. अशा आडमुठ्या माणसाला इंग्रजीत काय म्हणत्यात?"

शहादेवला तो शब्द येत होता. तेल न दिलेलं, वाळून कडक झालेलं खोगीर सार्जंट फेकून द्यायचा तेव्हा हाच शब्द म्हणायचा. सवयीनं शहादेवचं तोंड उघडलंसुद्धा.

त्यानं ते मिटलं आणि पायताण घालून घराकडं चालू लागला.