बाबांची चांदी

माझ्या दादाला कळत काही नाही, आणि कळत नाही हेही कळत नाही. तीन वर्षांपूर्वी बाबा अंथरुणाला खिळले, तेव्हा या दीडशहाण्याने त्यांचा जुना ट्रक परस्पर विकून टाकला. "मला पुसलंस का?" म्हणून मी वर्कशॉप डोक्यावर घेतलं होतं. ट्रकचा डावा हेडलाइट दुरुस्तीसाठी माझ्या टेबलावर होता, तेवढा वाचला. दादा वेगळा राहायला गेला आणि आमचं बोलणं बंद झालं.

जुन्या गाड्यांचे हेडलाइट शोधून आणायचे आणि नव्यासारखे करायचे, हा आमचा धंदा. चेपलेल्या कडा मी सरळ करते, काचा जुळवते, वायरी बदलते. पण उजेड परतवणाऱ्या आतल्या पितळी वाटीला चांदी चढवावी ती बाबांनीच. आता त्यांचे हात थरथरतात. डॉक्टर म्हणाले, डोळे फार तर सहा महिने साथ देतील. बाबांचं एकच मागणं आहे: आपल्या ट्रकचे दोन्ही लाइट एकदा पेटलेले बघायचे. उजव्यासाठी मी सगळा भंगारबाजार पालथा घातला होता; ते बाजारातून दादाच्याही कानावर गेलं असणार.

त्या दुपारी दादाचे लागोपाठ तीन फोन आले. तिन्ही कापले. मग मेसेज आला: 'उजवा मिळालाय. वाटी काळी पडलीये. पॉलिश मारू का?'

मी शोधत होते, तो सापडला याला! माझा नुसता तिळपापड झाला. मग 'पॉलिश' हा शब्द नीट वाचला. चांदीचा थर कांद्याच्या पापुद्र्याएवढा. पॉलिशने घासला की संपला. स्पिरिटमध्ये काजळी कालवून त्या कापसाने वाटी हळूच टिपायची, हे बाबांनी त्याला शंभरदा सांगितलं असेल. पण ऐकेल तर शपथ! फोन लावायला हवा होता. पण आधी मी बोलायचं? मुळीच नाही. दोनच शब्द लिहिले: 'पुसू नकोस.'

संध्याकाळी स्वारी दिवा घेऊन हजर, जणू गड जिंकून आली. मी काच काढली. आत पिवळंधमक पितळ चकाकत होतं.

"अरे मूर्खा, नको म्हटलं होतं ना!"

"कधी? तू लिहिलंस, पुसू नकोस. म्हटलं, बाईसाहेब अजून रागात आहेत, विचारूसुद्धा देत नाहीत. मग केलं आपल्या मनाने."

मी मोबाइल काढून माझाच मेसेज पुन्हा वाचला. तीन वर्षं येईल-जाईल त्याला 'मला पुसलं का त्याने?' हेच तर ऐकवत होते मी.

तेवढ्यात आतून बाबांची हाक आली. लपवणार कुठे? त्यांना खुर्चीत बसवलं, दोन्ही दिवे बॅटरीला जोडले. डावा लख्ख पांढरा, उजवा मळकट पिवळा. बाबा बराच वेळ डोळे बारीक करून बघत राहिले.

"उजव्याची चांदी कुणी घासली?"

"त्याने," मी ताडकन म्हणाले.

दादाने खिशातून मोबाइल काढला. मेसेज वाचून दाखवला असता, तर निम्मी चूक माझ्या अंगावर आली असती. त्याने माझ्याकडे बघितलं आणि मोबाइल परत खिशात टाकला.

"हो बाबा, मीच. चुकलं माझं."

"बंद करा ते," बाबा म्हणाले आणि त्यांनी मान फिरवली.

एक वायर दादाने काढली, दुसरी मी. ट्रक विकला तेव्हासुद्धा मला त्याचा इतका राग आला नव्हता.