आरशातली सळई

दुपारी चार वाजून बारा मिनिटांनी नवरदेवाचा निरोप आला, ‘करून बघतो.’ त्यानंतर त्याच्याकडून काहीच आलं नाही.

हा निरोप ‘लेथवेडे’ नावाच्या फोनवरच्या गटावर आला होता. गटात त्रेचाळीस माणसं. प्रत्येकाच्या घरी, कुठे गॅलरीत, कुठे जिन्याखाली, एक छोटा लेथ. धातूचा तुकडा गरगर फिरवायचा, टूल लावून त्याला आकार द्यायचा आणि फोटो काढून एकमेकांना दाखवायचा, हा यांचा नाद. या मंडळींत वैद्याच्या शब्दाला वजन होतं. वैद्य म्हणजे औषधं देणारा नव्हे. सदतीस वर्षं नकाशे काढून निवृत्त झालेला ड्राफ्ट्समन. पण लेथवर पडणाऱ्या लोखंडाच्या किसाचा नुसता फोटो पाहून तो मशीनचा रोग सांगायचा, म्हणून गटानं त्याला वैद्य करून टाकलं होतं. त्यालाही ते गोड लागलं होतं.

नवरदेव गटात सगळ्यांत नवा. पन्नाशी ओलांडलेला, स्वतःचं सलून असलेला गडी. दोन महिन्यांपूर्वी जुना लेथ टेम्पोतून घरी आला, त्या दिवशी यानं त्याचे अकरा फोटो टाकले. कुणीतरी लिहिलं, ‘घ्या, नवरदेव आले.’ तेव्हापासून तेच नाव.

आज सलूनला सुट्टी होती. चार वाजून दोन मिनिटांनी त्यानं फोटो टाकला. खाली लिहिलं होतं, ‘वैद्यबुवा, जरा नाडी बघा. आईला धरून चालायला भिंतीला कठडा लावतोय. त्याच्या आठ खुंट्या करायच्यात. दोन केल्या, पण घाईत दाढी केल्यासारखी खरखर राहतेय.’

‘स्पीड किती?’ वैद्यानं विचारलं.

‘साडेचारशे.’

‘बैलगाडी हाकताय का? बाराशेवर न्या. तोंड दिसेल अशी चकाकी येईल.’

‘करून बघतो.’

वैद्यानं फोन उपडा ठेवला, चहा घेतला, बशी विसळली. अंगात एक समाधान होतं. रोगी पाहिला, औषध दिलं, तीन ओळींत काम झालं.

पाच वाजायला दहा मिनिटं असताना फिटरचा फोन आला. गटात पोटासाठी लेथ चालवणारा हा एकटाच. कारखान्यातली सकाळची पाळी करून आला होता, झोपला होता, आता उठून निरोप वाचत होता.

“वैद्यबुवा, तो फोटो नीट बघितलात का?”

“बघितला की. कीस तुटक पडतोय, म्हणजे स्पीड कमी आहे.”

“किसाला घाला चुलीत. मागचा आरसा बघा.”

वैद्यानं फोटो मोठा केला. लेथच्या मागे भिंतीला एक मोठा आरसा टेकवून ठेवला होता. सलूनमधून काढलेला, एका कोपऱ्यात पारा उडालेला. आरशाकडे वैद्याचं मघाशी लक्षच गेलं नव्हतं. आरशात मशीनची मागची बाजू दिसत होती. नवरदेवानं सळई कापलीच नव्हती. बोटाएवढ्या जाडीची अख्खी सळई त्यानं मशीनच्या पोकळ दांड्यातून आरपार घातली होती. एक खुंटी झाली की पुढे ओढायची, कापायचा व्याप नको. मागे तिचं शेपूट बाहेर आलं होतं, अधांतरी. खाली टेकू नाही, बाजूला आधार नाही.

“दिसलं?” फिटर म्हणाला.

वैद्याला दिसलं होतं. पुढचं टोक मशीनच्या जबड्यात घट्ट असतं, पण मागच्या शेपटाला धरणारं कुणी नसतं. सावकाश फिरवा, गुमान फिरतं. स्पीड वाढवा, आणि एका क्षणी ते सरळपणा सोडतं, डोळ्याचं पातं लवायच्या आत वाकतं आणि लोखंडी चाबकासारखं चौफेर झोडपायला लागतं. मशीन बंद होईपर्यंत किंवा तुटून पडेपर्यंत थांबत नाही. आणि नवरदेवाच्या मशीनचं बटण आरशाच्या शेजारी, भिंतीवर होतं. बंद करायला जाणाऱ्याला त्या शेपटाजवळूनच जावं लागणार.

“फोन लावला?” वैद्यानं विचारलं.

“सहा वेळा. वाजतोय, उचलत नाही. तुम्ही लावा.”

वैद्यानं पाच वेळा लावला. मग हात रिकामे ठेववेनात म्हणून कर्कटक काढला आणि पडद्यावर ठेवला. भिंतीला गिलावा नव्हता, आरशाच्या काठाशी विटा मोजता येत होत्या. शेपूट सव्वातीन विटांचं. म्हणजे अडीच फुटांच्या आसपास. त्यानं कागदावर हिशेब मांडला. अशी सळई फेफरं आल्यासारखी नाचायला लागेल तो वेग आला मिनिटाला नऊशे फेरे. पुन्हा मांडला, पुन्हा नऊशेच. साडेचारशे आणि बाराशेच्या मधे. बाराशेला जायचं तर ती वाट ओलांडूनच जायचं.

घरात दुसरं कोण? फक्त आई. नवरदेवानंच एकदा लिहिलं होतं, ‘आमच्याकडे मशीनच्या आवाजाची तक्रार नाही, आई ठार बहिरी.’ त्यावर सगळे हसले होते. वैद्यही.

“अहो, कुणाचा फोन? तोंड का असं उतरलंय?” बायको दारात येऊन उभी राहिली.

वैद्यानं सांगितलं. सांगता सांगता जीभ अडखळली, कारण उरलेलं अर्धं त्यानं तिलाही कधी सांगितलं नव्हतं. गेल्या वर्षी त्याच्याच लेथवर हेच झालं होतं. सळई वाकली, सुटली आणि खोलीचीच खिडकी फोडून बाहेर गेली. तो त्या क्षणी टूल शोधायला खाली वाकला होता म्हणून वाचला. गटावर त्यानं अवाक्षर काढलं नाही. वैद्यालाच रोग झाला हे कोणत्या तोंडानं सांगणार? बायकोला म्हणाला होता, पोरांचा चेंडू लागला.

“त्या खिडकीचं…” तो म्हणाला, “तो चेंडू नव्हता.”

“ठाऊक आहे मला,” बायको म्हणाली. “चेंडूनं काच फुटते, गज वाकत नाही. तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते. ते राहू द्या आता. त्या माणसाचा पत्ता काय?”

पत्ता कुणालाच माहीत नव्हता. गटात नावंच मुळी टोपणनावं. गाव फक्त ठाऊक होतं, फिटरच्या गावापासून वीस किलोमीटरवर. वैद्यानं रुग्णवाहिकेला फोन लावला.

“जखमी कोण आहे?” पलीकडच्या बाईंनी विचारलं.

“एक ओळखीचे आहेत. म्हणजे, जखमी असतील.”

“तुम्ही तिथे आहात का?”

“नाही. ते फोन उचलत नाहीत.”

“पत्ता सांगा.”

“तोच तर नाही.”

“काका, आधी खात्री करा, पत्ता मिळवा, मग फोन करा,” बाई म्हणाल्या. त्यांचंही काही चूक नव्हतं.

बायको तोवर आतल्या खोलीत गेली होती. ती कुठलंही खोकं टाकत नाही, यावरून वैद्य वर्षानुवर्षं तिला टोमणे मारत आला होता. ती एक पुठ्ठ्याचं खोकं घेऊन आली. त्यात तिची बटणं होती. महिन्यापूर्वी याच खोक्यातून नवरदेवानं दाढीचा ब्रश पाठवला होता, लेथवर केलेली पहिली वस्तू, मूठ जरा कलती. सोबत चिठ्ठी, ‘गुरुदक्षिणा.’ खोक्याच्या झाकणावर पाठवणाऱ्याचा पत्ता होता.

पाच वाजून चौदा मिनिटांनी तो पत्ता घेऊन फिटर मोटरसायकलवरून निघाला; खात्री झाली की रुग्णवाहिका तोच बोलावणार होता.

मधल्या वेळात वैद्यानं गटावर लिहिलं. तीनदा खोडलं, चौथ्यांदा पाठवलं. ‘सगळ्यांनी मशीन बंद करा. सळई मागे बाहेर येत असेल तर आधी कापा. गेल्या वर्षी माझ्याकडे ती वाकून सुटली होती. मी लपवलं. आज नवरदेवाला मागचं काही न विचारता स्पीड वाढवायला सांगितलं.’ पुष्कळांनी वाचलं.  मग एकानं लिहिलं, ‘हे तेव्हाच सांगायचं होतंत.’

 ब्रश समोर टेबलावर होता. वैद्य त्याकडे बघत नव्हता.

सहाला दोन मिनिटं कमी असताना फिटरचा फोन आला.

“पोचलो. म्हातारी ओट्यावर बसून शेंगा सोलतेय. खुणेनं विचारलं, तर म्हणाली, मागे काम करतोय, चहाला येतो अशी खूण करून गेलाय.”

“आला होता का चहाला?”

“नाही. मी मागे आलोय. पत्र्याची खोली आहे, दार आतून बंद. मशीन चालू आहे.”

“धडधडतंय का?” वैद्यानं विचारलं. 

“नाही. एकसारखा आवाज येतोय. साफ.”

“मग बरं आहे!” बायको म्हणाली. फोन मोठ्या आवाजावर होता.

वैद्यानं मान हलवली. एकसारखा आवाज दोनच कारणांनी येतो. एक, सळई वाकलीच नाही. दुसरं, वाकून तुटली आणि मागे आता काही उरलंच नाही. फिटरलाही हे कळत होतं. त्याच्या दारावरच्या थापा तेवढ्या ऐकू आल्या. बारा, पंधरा. आतून हूं नाही की चूं नाही.

सहा वाजून दहा मिनिटांनी फिटरनं घराचा मेन स्विच खाली ओढला. फोनमधून मशीन मंदावत गेल्याचं ऐकू आलं. मग शांतता.

“पिंपावर चढतोय. वर झरोका आहे,” फिटर म्हणाला. धाप लागली होती. “दिसतंय. मशीनच्या मागे सळई नाही. आरशाची नुसती चौकट आहे. काचा सगळीकडे.”

“आणि तो?”

“दिसत नाही. दाराच्या पायथ्याशी काय आहे ते इथून दिसतच नाही, वैद्यबुवा.”

फिटरनं फोन तोडून रुग्णवाहिकेला लावला, या वेळी पत्त्यासकट, आणि मग पुन्हा वैद्याला. येतो म्हणाले, वीस मिनिटं. शेजारचा माणूस पहार घेऊन आला. पण दार आत उघडणारं होतं, आणि नवरदेव त्यालाच टेकून पडलेला असला तर? फिटरनं शेजाऱ्याचा हात धरला. फोन चालू ठेवून तो खाली बसला आणि फटीला तोंड लावून बोलायला लागला.

“ओ नवरदेव! मी आहे, फिटर! नुसतं ठोका, बोलू नका!”

वैद्याच्या घरात दोघंही फोनवर वाकून उभी होती. बायकोनं त्याचा दंड धरला होता, तिची नखं रुतत होती, ते दोघांच्याही लक्षात नव्हतं.

“कडी हलली,” फिटर म्हणाला.

तेव्हा सहा वाजून सतरा मिनिटं झाली होती. आता सहा एकवीस. कडी दुसऱ्यांदा हललेली नाही.