निळा पुरुष

चित्र पाहून अख्खं गाव खो खो हसलं. रविवारी चर्च सुटल्यावर बर्लिनच्या चित्रकाराने ते टिनेकाकूच्या खानावळीत भिंतीला टेकवून ठेवलं होतं. पिवळी वाळू, हिरवा समुद्र आणि लाटांत एक बाई, एक पुरुष. बाई लाल, पुरुष निळा, दोघंही उघडी. कपडे चित्रकाराने आपल्या मनानेच उतरवले होते. बाईला चेहरा नव्हता, पण तसे तांबडे केस आमच्या बेटावर माझ्या एकटीचेच. लोक म्हणाले, गेशे परक्या माणसापुढे नागडी नाचली. मेल्यांना डोळे आहेत की खोबणी?

ज्या दिवसाचं ते चित्र होतं, त्या दिवशी जाळं फाटलं म्हणून माझ्या नवऱ्याने, डेटलेफने, मला केसांना धरून पाण्यात फरफटत नेलं होतं आणि डोकं लाटेखाली दाबून धरलं होतं. नाकातोंडात वाळू गेली, ओठ फाटला. हा चित्रकार वाळूच्या टेकाडावर बसून सगळं बघत होता. रंग कालवत राहिला, धावून आला नाही. मारणाऱ्याइतकाच मला त्याचाही राग आहे.

गावाला कळलं नाही, पण डेटलेफने स्वतःला ओळखलं. म्हणून तर तो सगळ्यांत मोठ्याने हसला. मग त्याने माझं मनगट पिरगाळलं आणि मासे चिरायची सुरी माझ्या हातात कोंबली.

"काप ती बाई. तुझी लाज तूच काढ त्यातून." मग कानाशी वाकून म्हणाला, "एक शब्द बोललीस, तर उद्या होडीतून मी एकटाच परत येईन."

तो तसं करणार, हे मला ठाऊक होतं. पण गप्प राहिले, तरी आज ना उद्या तो तेच करणार होता.

"आधी त्या पुरुषाचा हात बघा," मी म्हणाले. "माझ्या मानेवरचा."

निळ्या हाताला तीनच बोटं होती. डेटलेफची दोन बोटं गेल्या हिवाळ्यात होडीच्या दोराने तोडली होती. हसणं थांबलं. सगळ्यांनी त्याच्या हाताकडे पाहिलं आणि लगेच आपापल्या ग्लासात पाहिलं. तेव्हा मला कळलं, की यात कोणालाच काही नवीन नव्हतं. आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारी टिनेकाकू तर टेबल पुसत राहिली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी सुरी खुपसली ती निळ्या पुरुषात. डोक्यापासून टाचेपर्यंत त्याला टराटरा कापून काढला.

"अहो बाई, माझं चित्र!" चित्रकार किंचाळला आणि माझा हात धरायला धावला. आज बरे याला पाय फुटले. मी सुरीची मूठ त्याच्या तोंडावर हाणली. तो दात थुंकत खाली बसला.

कापलेला तुकडा मी डेटलेफच्या पायाशी फेकला.

"उद्या याला ने होडीत."

"सुरी दे इकडे," तो म्हणाला.

कोणी जागचं उठलं नाही. सुरीचं टोक मी त्याच्याकडे वळवलं.

"ये, घे."

तो आला नाही.