कचरू कोतवालाचा कर्णा

एका टोकाला निमुळता आणि दुसऱ्या टोकाला धोतऱ्याच्या फुलासारखा उघडलेला पत्र्याचा कर्णा तुम्ही कुठेतरी पाहिला असेल. मित्रांनो, तसाच मी एक आहे. फक्त फार जुना. माझ्या अंगावर पोचे आहेत, आणि मुठीचा रंग कचरू कोतवालाच्या तळव्यानं केव्हाच पुसून नेला आहे.

माझा जन्म जालन्याच्या मस्तगडात, फकरोद्दीनचाचांच्या दुकानात झाला. कचरू तेव्हा ऐन विशीत, नुकताच कोतवाल म्हणून लागलेला. तहसीलचे हुकूम गावभर ओरडून सांगायचे हे त्याचं काम, आणि आवाज तर बारीक!

"आवाज कां तक जाना, बेटा?" चाचांनी विचारलं.

"नदीपत्तुर," कचरू म्हणाला.

चाचांनी पत्रा कापला, वाकवला, सांध्याला डाख दिला. मग मला तोंडाला लावून रस्त्याकडे अशी आरोळी ठोकली, की समोरचा टांगेवाला दचकून थांबला. "बिलकुल बराबर!" चाचा हसून म्हणाले. त्याच दिवशी मी कचरूबरोबर एस.टी.त बसून अंबड तालुक्यातल्या, गोदावरीकाठच्या आमच्या गावी आलो.

ते दिवस आठवले की अजूनही माझा पत्रा शहारतो. गावातल्या म्हाताऱ्यांना सरकारचे जुने शब्द ठाऊक होते: हुकूम, ताकीद, इत्तला. निजामाच्या राज्यातले ते शब्द त्यांनी लहानपणी ऐकलेले. तहसीलच्या साहेबांच्या तोंडी मात्र इंग्रजी शब्द असत: ऑर्डर, नोटीस, समन्स, वॉरंट, स्टे. ते नुसते कानावर पडले तरी माणसं बावरून जात. कचरू हे शब्द साहेबांकडून नीट समजून घेई आणि गावात आला की त्यांची गाठ जुन्या शब्दांशी घालून देई.

"ऐका हो ऐका! नोटीस आली! नोटीस म्हंजी ताकीद! नदीतली वाळू कुणी उपसायची न्हाई!"

स्टे म्हणजे 'हाये तसं राहू द्या' आणि अर्जंट म्हणजे 'जल्दी'. पोरं त्याच्या मागून नाचत हेच ओरडत जात. पारावरची म्हातारी माणसं मान डोलावत. गाव इंग्रजी माझ्या तोंडून शिकलं, असं मी अभिमानानं म्हणतो.

एकदा गावातल्या धर्मराजला कोर्टाचं समन्स निघालं. ते ऐकताच तो गडी उसात जाऊन लपला. कचरूनं मला बांधावर ठेवलं आणि तो एकटाच उसात शिरला. कुणाच्या घरची गोष्ट त्यानं कधी माझ्यातून सांगितली नाही.

"आरं, समन्स म्हंजी बलावणं. धरून न्यायचं ते वॉरंट," तो हळू आवाजात म्हणाला. "तुला साक्षीला बलावलंय. चल, मी येतो संगं."

धर्मराज डोळे पुसत बाहेर आला. मला वाटतं, माझ्याशिवाय बोललेलं कचरूचं तेच सगळ्यात मोठं बोलणं होतं.

पुढं जीपवर भोंगे आले, मग मोबाइल आले. कचरू निवृत्त झाला. मी गोठ्यातल्या खुंटीवर गेलो. कुंभारमाशी दर वर्षी माझ्या तोंडात मातीचं घर करी. सुगीत कचरूची बायको, द्वारकाबाई, ते पाडून मला पोत्यावर उलटा धरून माझ्यातून सोयाबीन ओती. मी नरसाळं झालो! वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू? पण त्याहून वाईट पुढं झालं. कचरूला लकवा मारला आणि त्याची वाचा गेली. तो दिवसभर गोठ्यासमोरच्या बाजेवर बसून माझ्याकडे बघत राही, आणि मी त्याच्याकडे.

मग तो भाद्रपद आला. चार दिवस पावसानं उसंत घेतली नाही. वरच्या धरणातून पाणी सोडणार होते. वीज गेली होती, मोबाइलला रेंज नव्हती, देवळाचा आणि मशिदीचा भोंगा मुका झाला होता. सकाळीच तलाठी भावनाताई भिजत गावात आल्या. खालच्या आळीत दारोदार फिरून सांगू लागल्या, "इव्हॅक्युएशनची ऑर्डर आहे! घरं सोडा, लवकर!"

खालची आळी सरकारी जागेवर वसलेली. अतिक्रमणाच्या नोटिसा त्या लोकांनी पूर्वी पाहिल्या होत्या. 'ऑर्डर' आणि 'घरं सोडा' एवढंच त्यांना ऐकू आलं. धडाधड दारं लागली. आतून कड्या पडल्या. आळीतल्या मैमूनाखाला तर उंबऱ्यावरच बसल्या. "घर पाडायला आल्या ना तुमी? पाडा मंग, मला आत ठिवून पाडा!"

भावनाताई रडकुंडीला आल्या. "पाणी येतंय हो," त्या सांगत होत्या, पण ऑफिसच्या माणसावर विश्वास ठेवायला कुणी तयार नव्हतं. शेवटी त्या धावत कचरूच्या दारी आल्या. "कोतवालबाबा, इव्हॅक्युएशनची ऑर्डर आहे, लोकांना वर शाळेत न्यायचंय, पण त्यांना वाटतंय घरं पाडायला आलेय. तुमचं तरी ऐकतील!"

कचरू उठायला धडपडला. तोंडातून नुसता घोगरा सूर निघाला. मग त्यानं चांगल्या हातानं खुंटीकडे बोट केलं आणि तेच बोट द्वारकाबाईकडे वळवलं.

"मी?" द्वारकाबाई घाबरली. "आवो, मी कधी चारचौघांत बोलले न्हाई!"

कचरूनं तिचा हात धरून तिला दाराकडे ढकललं.

तिनं मला ओढून काढलं, दगडावर आपटून आतली माती पाडली आणि पदर खोचून पावसात पळत सुटली. आळीच्या तोंडाशी आल्यावर तिनं मला तोंडाला लावलं. पहिली हाक अर्धवटच निघाली. दुसरी मात्र नदीपर्यंत गेली.

"ऐका हो ऐका! इव्हॅक्युएशन म्हंजी जीव घिऊन वर शाळेत जायचं! घरं पाडायला कुणी आलं न्हाई! गोदामाय वर येऊन राह्यली! घर जिथल्या तिथं राहील, माणसं तेवढी उठा!"

एक कडी निघाली. मग दुसरी. मैमूनाखालांनी डोळे बारीक करून पाहिलं. "द्वारका, तू सांगून राह्यली का? मंग बराबर हाये," म्हणत त्या उठल्या. त्यांची शेळी भावनाताईंनी ओढत शाळेपर्यंत नेली. द्वारकाबाई दारोदार ओरडत राहिली, शेवटचं माणूस वर चढेपर्यंत.

दुपारी नदी आळीत शिरली. मैमूनाखालांच्या घराची मागची भिंत माझ्या डोळ्यांदेखत बसली. माणूस मात्र एकही गेलं नाही.

शाळेच्या व्हरांड्यात कचरूला खुर्चीवर आणून बसवलं होतं. द्वारकाबाई त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली, बोलायला तोंड उघडलं, आणि आवाजच फुटेना. ओरडून ओरडून घसा पार बसला होता.  मग कचरूचा अर्धा चेहरा हसला आणि द्वारकाबाई तोंडाला पदर लावून हसत हसत रडली. मी दोघांच्या मधे फरशीवर पडलो होतो. इतकं सुख मला कधी झालं नव्हतं.

मित्रांनो, अलर्ट, ऑर्डर, नोटीस हे शब्द आता तुमच्या खिशातल्या मोबाइलवर येतात. ते वाचून नुसते पुढं ढकलू नका. घरातल्या, शेजारच्या म्हाताऱ्या माणसाजवळ घटकाभर बसा आणि त्याच्या बोलीत सांगा. सांगून झालं तरी लगेच उठू नका. "कळलं का?" असं एकदा विचारा. कचरू नेहमी विचारायचा.