पिनपॉइंटर कशाला हवा?

डेन्झिल थ्रेलकेल्डला आमच्या क्लबात कोणी उलटून बोलत नसे. इंग्लंडातल्या लिंकनशरच्या आमच्या भागातले निम्मे शेतकरी त्याच्या ओळखीचे. त्यानं शब्द टाकला तरच आम्हाला रविवारी पुरलेल्या जुन्या वस्तू शोधायला मेटल डिटेक्टर घेऊन कुणाच्या शेतात पाऊल ठेवता यायचं. म्हणून तो बोलायचा आणि आम्ही ऐकायचो.

ग्वेंडा पिकर्सगिल नवीन आली. आयुष्यभर बस चालवलेली, खणखणीत आवाजाची बाई. पहिल्याच दिवशी गाड्यांपाशी चहा पिताना तिनं विचारलं, "शिकाऊ माणसाला पिनपॉइंटर लागतो का हो?"

पिनपॉइंटर म्हणजे गाजराएवढी कांडी. मोठं यंत्र खाली धातू आहे एवढंच सांगतं. खड्ड्यात कांडी फिरवली की तो नेमका कुठे आहे ते कळतं.

"आळशांना लागतो," डेन्झिल म्हणाला. "देवानं बोटं दिलीत ना? माती चाचपायला शिक आधी. खेळणी नंतर."

"मी तर वापरतो बुवा," मी म्हणालो.

"म्हणूनच तुला बाटल्यांची झाकणं सापडतात, विल्फ."

सगळे हसले. ग्वेंडा हसली नाही, पण तिनं कांडी घेतली नाही. नवा माणूस जाणत्याचं ऐकतो.

त्याचे परिणाम तिलाच भोगावे लागले. यंत्र वाजायचं, ती खणायची, आणि मग मातीची एकेक मूठ यंत्रासमोर धरत गुडघ्यांवर बसून राहायची. खड्डा पसरत जायचा. डेन्झिल लांबून ओरडायचा, "कबर खणतेयस का गं? कुणाला पुरायचंय?"

"अजून ठरवलं नाही," ती म्हणायची.

शरद ऋतूत आम्ही मेंढ्यांच्या एका कुरणात गेलो. तिथं गवताचं ढेकूळ नीट कापून उचलायचं आणि परत जसंच्या तसं बसवायचं, ही मालकाची अट. ग्वेंडाच्या यंत्राला गोड, स्वच्छ आवाज आला. तिनं ढेकूळ उचललं, खुरपीनं जपून माती काढली. आवाज येत होता, वस्तू दिसत नव्हती. मी शेजारीच होतो. कांडी काढून तिच्याकडे जाणार, तेवढ्यात डेन्झिल तरातरा आला.

"उठ. कुरणाची वाट लावशील. बघ, असं करतात."

"थांबा हो, वस्तू कुठंय तेच अजून..."

त्यानं तिचं फावडं हिसकावलं आणि बुटानं खाली रेटलं. कर्र असा आवाज झाला. तो मला अजून आठवतो.

मातीबरोबर चांदीच्या जुन्या, कड्यासारख्या ब्रोचचा अर्धा भाग वर आला. कड्यावर कोरलेली अक्षरं मधोमध तुटलेली, आणि तुटलेली कड लखलखीत ताजी.

डेन्झिलचा चेहरा उतरला. पण माणसं धावत येताना दिसली तसा तो सावरला. "बघा! शिकाऊ लोक काय करतात बघा! शेकडो वर्षं जमिनीत टिकलं, हिच्या हातात टिकलं नाही!"

ग्वेंडा सावकाश उभी राहिली. "फावडं कुणाच्या हातात आहे?"

सगळ्यांनी पाहिलं. फावडं त्याच्याच हातात होतं.

"खड्डा तुझा होता," तो म्हणाला.

"आणि लाथ तुझी होती, डेन्झिल." 'अहो-जाहो' संपलं होतं. "बोटांनी चाचपायचं ना? मग चाचप की. उरलेला अर्धा काढून दाखव."

तो वाकला नाही. मी कांडी तिच्या हातात दिली. तिनं ती खड्ड्यात फिरवली. तळाशी गप्प, डाव्या भिंतीला लावताच कांडी थरथरली. ग्वेंडानं नखांनी माती खरवडली आणि दुसरा तुकडा काढला.

"मी पाहिलंय," मी म्हणालो. "तूच तोडलंस."

"मग दोघंही निघा इथून. माझ्या ओळखीच्या एकाही बांधावर दिसलात तर बघा."

ग्वेंडानं ढेकूळ बसवलं, पायानं दाबलं आणि दोन्ही तुकडे डबीत घेऊन ती चालू लागली. बाकीच्यांतलं कुणीही आमच्यामागे आलं नाही.

ब्रोच जिल्ह्याच्या संग्रहालयात गेला. तिथल्या बाईंनी घाव ताजा कसा, असं विचारलं. ग्वेंडानं डेन्झिलचं नाव घेऊन सांगितलं. त्यानं तिथं आधीच तिचं नाव सांगून ठेवलं होतं. आता ती स्वतःच शेतकऱ्यांची दारं ठोठावते. बरेच जण कुत्री सोडतात. एका म्हातारीनं मात्र बिटाचं रान शोधायला दिलंय.

परवा बाजारात डेन्झिल आडवा आला. "क्लबात परत यायचं तर माफी मागावी लागेल."

"कुणाची? चांदीची? ती तू माग," ग्वेंडा म्हणाली, आणि कोबी निवडायला वळली.