आटे सांभाळ!

बाबांनी चाळीस वर्षं लेथवर बोल्टना आटे पाडले. एवढा खमका माणूस, पण खुब्याचं हाड जोडल्यापासून खुर्चीला असा चिकटला की उठायचं नाव नाही. डॉक्टर म्हणाले, हाड पक्कं बसलंय, आता चालवा. आईने लाडीगोडी लावली, लेकीने धाक दाखवला. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. खरं तर बाबांना पुन्हा पडायची भीती वाटत होती, आणि तसं सांगायची लाज.

मग एके सकाळी लेक हत्यारांची पिशवी घेऊन आली. बाथरूममध्ये आधाराची दांडी बसवायची होती. भिंत म्हणजे नुसती प्लायवूडची, बोटभरही जाड नाही. त्यामुळे बोल्ट आरपार घालून पलीकडून नट लावायचा. आणि बाईंनी बोल्ट कोणते निवडावेत? बाबांनी नोकरीच्या शेवटच्या दिवशी स्वतः बनवलेले, पितळी!

"भोक लहान पडलंय," लेक आतून ओरडली. "हाणते हातोडीने."

"अगं, हाणू नकोस! आटे जातील!"

ठण्ण!

"कानस घे! आधी भोक मोठं कर!"

"काय म्हणालात? ऐकू येत नाही!"

ठण्ण!

बाबा खुर्चीच्या कडेला सरकले. स्वतःचं गॅरेज चालवते ही, अक्कल काय तिथेच ठेवून आली? तिसरा घाव पडला आणि बाबा बाथरूमच्या दारात हजर. चौथ्यासाठी उचललेली हातोडी त्यांनी हिसकावूनच घेतली.

"सरक! लहानपणापासून हेच शिकवलं का तुला?"

एका हाताने चौकट धरून त्यांनी भोक कानशीने मोठं केलं, कडा गुळगुळीत केल्या. आट्यांवर कागद गुंडाळून बोल्ट दांडीच्या टोकातून हलक्या हाताने फिरवत आत घातला. पलीकडे नटाखाली रुंद वॉशर हवा, नाहीतर नट पातळ फळीत रुतायचा.

"मी इकडून बोल्टचं डोकं धरते," लेक म्हणाली, "पण पलीकडे नट कोण लावणार?"

आई स्वयंपाकघरात होती. तिला आज अचानक काहीच ऐकू येईना.

"तुम्ही दोघी म्हणजे!" असं करवादत बाबा नट, वॉशर, पाना खिशात टाकून भिंतीला हात लावत पलीकडे गेले. बाहेर आलेल्या टोकावरचा कागद त्यांनी काढला आणि सवयीने आट्यांवरून नख फिरवलं. एकही आटा दुखावला नव्हता.

"अगं, तू तीनदा हाणलंस ना?"

"फळीच्या तुकड्यावर, बाबा," पातळ भिंतीतून आवाज आला. "तुमच्या आट्यांवर माझा हात उठेल का?"

बाबांनी वळून पाहिलं. खुर्ची पार तिकडे, खिडकीपाशी, रिकामी. स्वयंपाकघराच्या दारात आई तोंडाला पदर लावून हसत होती आणि डोळेही त्याच पदराने पुसत होती. बाबांनाही हसू आवरेना. त्यांनी वॉशर घालून नट बोटांनी फिरवला, मग पान्याने बेताने आवळला.

दांडीचं दुसरं टोक अजून मोकळंच होतं.

"दुसरा बोल्ट काढून ठेव," ते भिंतीपलीकडे ओरडले. "हातोडीला हात लावलास तर बघ. मी येतोय!"